चार्टर रिव्ह्यू चालू आहे: नागरिकांच्या पिटिशनचे नियम बदलायचेत, नक्की काय मागायचं?

कोपऱ्यातला_मतदार

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे पण इथे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरातले लोक आहेत म्हणून इथेच विचारतोय.

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका मध्यम शहरात राहतो, नाव मुद्दाम देत नाही. आमच्या चार्टरमध्येच (म्हणजे शहराच्या घटनेसारखा मूळ कायदा) लिहिलंय की दर दहा वर्षांनी रिव्ह्यू कमिटी बसवायची, ती आता बसलीय आणि नागरिकांच्या पिटिशनच्या कलमापर्यंत पोचलीय. पुढच्या सुनावणीत माणशी तीन मिनिटं बोलायला देणार आहेत.

आत्ताचे नियम असे. पहिला प्रकार ग्रुप पिटिशन, १०० सह्या आणल्या की कौन्सिलला तीन महिन्यांत त्यावर सुनावणी घ्यावीच लागते, पण निर्णय काय घ्यायचा ते त्यांचं ते बघणार. दुसरा इनिशिएटिव्ह, म्हणजे आपणच ऑर्डिनन्स (शहराचा कायदा) लिहायचा. त्यासाठी आधी दहा जणांची पिटिशनर कमिटी, मग मसुदा सिटी क्लर्ककडे, तिथून सिटी सॉलिसिटरकडे (शहराचा वकील), त्यांचं मत आलं की कोरे फॉर्म मिळणार, मग नोंदणीकृत मतदारांच्या १५ टक्के सह्या, मग कौन्सिल ३० दिवस विचार करणार, त्यांनी नाही म्हटलं तर वर आणखी ५ टक्के सह्या आणि मग कुठे तो प्रश्न मतपत्रिकेवर. तिसरा रेफरेंडम, कौन्सिलने पास केलेल्या गोष्टीला विरोध करायचा तर २० दिवसांत १२ टक्के सह्या. बजेट, कर्ज, युनियनचे करार, नेमणुका हे सगळं वगळलेलं आहे. आणि शेवटची पाचर म्हणजे त्या प्रश्नावर नोंदणीकृत मतदारांपैकी २० टक्के लोकांनी मतदान केलं नाही तर निकाल काहीही लागो, तो रद्द.

क्लर्क ऑफिसात सहज विचारलं की आजपर्यंत किती इनिशिएटिव्ह मतपत्रिकेवर आले. बाई हसल्या आणि म्हणाल्या शून्य.

कमिटीत दोन तट आहेत, एक म्हणतो १५ चे १० टक्के करा, दुसरा म्हणतो आहे ते बरं आहे, कॅलिफोर्नियासारखी मतपत्रिकेवर प्रश्नांची गर्दी करायचीय का इथे. माझ्या मनात होतं की सरळ उठून १० टक्के करा म्हणावं आणि बसावं. पण तेवढंच मागून काही होतं का? तुमच्या शहरात काय आहे आणि प्रत्यक्षात काय अडतं ते सांगा.

---

जर्सीकर

टक्के हा देखावा आहे हो. टक्के कशाचे ते आधी बघा.

आमच्याकडे न्यू जर्सीत फॉकनर ॲक्टखालची जी गावं आहेत (गावांच्या कारभाराचा १९५० चा कायदा आहे) तिथेही आकडा १५ टक्केच आहे, पण तो नोंदणीकृत मतदारांचा नाही, मागच्या असेंब्ली (राज्याचं कनिष्ठ सभागृह) निवडणुकीत गावात जेवढी मतं पडली त्याचा. आणि असेंब्लीची निवडणूक असते विषम वर्षात, तिला कुत्रं फिरकत नाही. २०१५ ला असेंब्लीच मतपत्रिकेच्या टोकावर होती तेव्हा राज्यभराचा टर्नआऊट २२ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे ४०,००० नोंदणीकृत मतदारांचं गाव धरलं तर तुमच्या नियमाने ६,००० सह्या, आणि आमच्या नियमाने तसल्या वर्षानंतर १,३०० च्या आसपास. कागदावर दोन्हीकडे १५ टक्केच. तुमच्या कमिटीतले लोक १५ की १० यावर भांडतायत आणि खरा फरक त्या पुढच्या अर्ध्या ओळीत आहे.

दुसरं, तुमच्या यादीत इनॲक्टिव्ह मतदार धरतात का ते विचारा. मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी तो सिटी सेन्ससचा फॉर्म येतो ना, तो भरून पाठवला नाही की नाव इनॲक्टिव्ह यादीत जातं पण नोंदणी रद्द होत नाही. कॉलेजचं शहर असेल तर ती यादी फुगलेली असणार, पोरं शिकून केव्हाच निघून गेली आणि तुम्ही त्यांच्याही १५ टक्के सह्या गोळा करताय.

---

लोनस्टार_मावशी

जर्सीकर यांचं गणित बरोबर आहे पण मला ते ऐकून धडकीच भरली. १,३०० सह्यांत शहराचा कायदा?

मी डॅलसची. टेक्ससमध्ये चार्टरच बदलायचं असेल तर ५ टक्के मतदार किंवा २०,००० सह्या, यातलं जे कमी असेल ते. १३ लाखाच्या शहरात २०,००० म्हणजे काय हो, पैसे असतील तर माणसं लावून होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात तेच झालं. तीन प्रश्न आले सह्यांवरून, एस, टी आणि यू. टी पडला, एस आणि यू पास झाले. यू मध्ये काय, तर पोलिसांची संख्या किमान ४,००० ठेवायची (तेव्हा होती तीन हजारांच्या थोडीशी वर) आणि वाढीव महसुलाचा निदान अर्धा भाग पोलीस-फायरच्या पेन्शनला आणि पोलिसांच्या पगाराला द्यायचा. आणि एस असा की शहराने चार्टर पाळलं नाही असं वाटलं तर कोणीही रहिवासी शहराला कोर्टात खेचू शकतो, शहराला दाव्यापासून इम्युनिटी (संरक्षण) नाही. दोन्ही एकत्र वाचा म्हणजे कळेल, यू पाळला नाही असं वाटलं की कोणीही दावा ठोकणार. यू काठावर पास झालाय, जेमतेम निम्म्याच्या वर.

आता हे चार्टरमध्ये बसलंय. ऑर्डिनन्स असता तर कौन्सिलने पुढच्या वर्षी दुरुस्त केला असता, चार्टर मात्र राज्याच्या घटनेनुसार दोन वर्षांच्या आत परत बदलता येत नाही आणि बदलायचं तर परत मतदान. पुढे रस्ते, लायब्ऱ्या, पार्क कशातून करायचे ते ज्याचं त्याला माहीत.

आणि कौन्सिलही काही धुतल्या तांदळाची नाही बरं का. या तिघांना छेद देणारे स्वतःचे तीन प्रश्न त्यांनी त्याच मतपत्रिकेवर घुसवले होते, के, एम आणि एन. टेक्सस सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरात ते तिन्ही काढायला लावले, मतदारांचा गोंधळ होईल म्हणून.

म्हणून माझं सांगणं, ऑर्डिनन्सला सह्या कमी चालतील, चार्टरला हात लावायचा तर दम लागला पाहिजे. आणि पैसे देऊन सह्या गोळा करणं तर बंदच करून टाका.

---

जर्सीकर

मावशी, ते शेवटचं कुठल्याच शहराला करता येत नाही. कोलोरॅडोने पगारी सर्क्युलेटरवर (सह्या गोळा करणारे) बंदी घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच उडवली, मेयर विरुद्ध ग्रँट. सह्या मागणं हे राजकीय भाषण आहे म्हणाले. पैसे कोणी दिले ते जाहीर करायला लावता येतं, ते मागा.

ऑर्डिनन्स आणि चार्टर वेगळे ठेवायचे याला मात्र +१. कॅलिफोर्नियात तसंच आहे, साधारणपणे ऑर्डिनन्सला १० टक्के आणि चार्टर दुरुस्तीला १५ टक्के.

---

सह्या_द्री

मी दोन्हीकडून पाहिलंय, रस्त्यावर क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिलेय आणि नंतर शेजारच्या गावात पडताळणीच्या वेळी निरीक्षक म्हणून बसलेय. तर टक्के, भाजक (टक्के कशाचे ते) वगैरे सगळं ठीक आहे पण पिटिशन मरतात त्या सहीच्या रकान्यात.

मॅसॅच्युसेट्सचा नियम असा की मतदार यादीत जसं नाव आहे साधारण तशीच सही आणि पत्ता हवा. आता आपल्या लोकांचं बघा. यादीत नाव आहे पहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव. सही करताना माणूस नुसता र. कुलकर्णी आणि पुढे एक शेपूट काढतो. लग्नानंतर आडनाव बदललं पण नोंदणी जुन्याच आडनावावर. एका काकूंनी झकास देवनागरीत सही ठोकली, बँकेतही तीच सही चालते म्हणे, आणि पत्त्यात अपार्टमेंटचा नंबरच नाही. शेजारच्या रकान्यात नाव छापील अक्षरात लिहायचं असतं ते नवऱ्याने भरलं. ती ओळ बाद. क्लर्क ऑफिसातली मुलगी वाईट नव्हती, तिने खरंच यादीत शोधलं, पण त्या इमारतीत त्याच आडनावाचे चार जण, ती तरी काय करणार.

राज्याच्या पिटिशनला तर अजून कडक आहे, फॉर्मची हुबेहूब प्रत हवी, त्यावर हायलायटरची रेघ किंवा फोन नंबर खरडलेला दिसला तर त्या कागदावरच्या सगळ्याच सह्या जाऊ शकतात. तुमच्या शहराने तो नियम उचललाय का ते बघून ठेवा.

म्हणून मी काय मागेन तर एक, सही बाद केली तर कारण लिहून द्या. दोन, कमी पडल्या तर दुरुस्तीला मुदत द्या. न्यू जर्सीत दहा दिवस मिळतात ना जर्सीकर? आमच्याकडच्या बऱ्याच चार्टरमध्ये कमी पडल्या की खेळ खलास, पहिल्यापासून सुरू. तीन, तो रेफरेंडमचा २० दिवसांचा नियम. त्यात फॉर्म छापून मिळेपर्यंतच आठवडा जातो, घड्याळ फॉर्म हातात पडल्यापासून सुरू करा म्हणावं.

आणि हो, सही करणाऱ्यांना सांगत जा की तुमचं नाव पत्ता सार्वजनिक होतो. २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने साधारणपणे सह्या उघड करायला हरकत नाही असंच म्हटलंय. काही लोकांना ते कळल्यावर पेन खाली ठेवावंसं वाटतं, तो त्यांचा हक्क आहे.

---

जर्सीकर

हो दहा दिवस. आणि त्या दहा दिवसांवरूनच होबोकनची केस झाली होती. रेंट कंट्रोलच्या ऑर्डिनन्सविरुद्ध लोकांनी रेफरेंडमचं पिटिशन आणलं, क्लर्कने सह्या कमी आहेत म्हणून ते फाईलच करून घेतलं नाही. २०१४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की क्लर्कचं काम आधी फाईल करून घेणं, मग तपासणं, कमी असतील तर तसं कळवून दुरुस्तीची संधी देणं, दारातूनच परत पाठवणं नाही. नागरी हक्कांचा भंग धरला आणि वकिलाची फी पण मिळाली पिटिशनवाल्यांना. तेव्हा तुमच्या कलमात "क्लर्कने स्वीकारलेच पाहिजे" असं स्वच्छ लिहून घ्या. क्लर्क चांगली आहे हो आज, उद्या दुसरी येईल.

---

अजून_रांगेत

मध्येच विचारतो, मी ग्रीन कार्डवर आहे (नाव बघा 😀). घर आहे, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, पोरं इथल्या शाळेत. परवा ग्रोसरी स्टोअरच्या बाहेर एकजण म्हणाला करा हो सही, काय होतंय. मी केली नाही पण करता येते का?

---

सह्या_द्री

नाही केलीत ते उत्तम केलंत!! आणि हे वाचणाऱ्या एच-वन, ग्रीन कार्डवाल्या सगळ्यांनी नीट वाचा. इनिशिएटिव्ह, रेफरेंडमच्या फॉर्मवर सही म्हणजे मी इथला नोंदणीकृत मतदार आहे असं तुम्ही लिहून देताय. मतदार म्हणजे नागरिक. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा करणं ही इमिग्रेशनमध्ये फार वाईट गोष्ट आहे, १९९६ च्या कायद्यापासून नुसत्या त्या कारणावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं. क्लिपबोर्डवाल्याला हे माहीत नसतं, त्याला आकडा भरायचा असतो. शंका असेल तर सही करू नका, आणि आधीच केली असेल तर इथे लिहू नका, सरळ वकिलाशी बोला.

सह्या गोळा करता येतात का हा वेगळा प्रश्न. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोलोरॅडोचा सर्क्युलेटर नोंदणीकृत मतदारच हवा हा नियम रद्द केला पण बऱ्याच राज्यांत मतदार व्हायला पात्र तरी हवा असं आहे, ते राज्यागणिक बघावं लागतं.

बोलायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. कौन्सिलच्या सुनावणीत रहिवासी म्हणून उभे राहा. आणि धागाकर्त्यांनो, ही तुमच्यासाठी आयती मागणी आहे, ग्रुप पिटिशनला १०० "मतदार" ऐवजी १०० "प्रौढ रहिवासी" करून घ्या. त्यात कायदा होत नाही, नुसती सुनावणी होते, मग नागरिकत्वाची अट कशाला.

---

उंटावरचा_शहाणा

मी सांगलीकडचा, मला तुमचं चार्टर-बिर्टर कळत नाही पण वाचता वाचता वाटलं की हे तर आमच्या आडव्या बाटलीचं भांडण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) सह्यांचं निवेदन द्यायचं, सरकारी खातं सह्या पडताळतं, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. इथपर्यंत ठीक. पण दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं चालत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत कोण असतं? लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी, मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या बाया, मेलेल्या म्हाताऱ्या सुद्धा, ज्यांची नावं कोणी काढलीच नाहीत. ती सगळी मतं आपोआप उभ्या बाटलीला. आलेल्या बायकांनी एकमुखाने आडवी केली तरी दुकान चालू राहिलंय अशी उदाहरणं आहेत. दुकानदाराला प्रचार करायचीच गरज नाही, बायका घराबाहेर पडणार नाहीत एवढं बघितलं की झालं.

तुमची ती २० टक्क्यांची अट त्याच जातीची वाटते.

---

कोपऱ्यातला_मतदार

उंटावरचे शहाणे, तुम्ही उंटावरून उतरून बरोबर बोट ठेवलंत. फक्त फरक एवढा की आमची अट प्रश्नाच्या बाजूने पडलेल्या मतांची नाही, एकूण पडलेल्या मतांची आहे. म्हणजे विरोधकाने येऊन "नाही" मत दिलं तर तो उलट कोरम भरायला मदतच करतो! घरी बसला तर जास्त फायद्यात. मला हे आत्तापर्यंत असं दिसलंच नव्हतं.

आणि त्यात भर म्हणजे मतदान कधी घ्यायचं ते कौन्सिल ठरवणार. वाढीव ५ टक्के सह्या आल्या की स्पेशल इलेक्शन, म्हणजे कुठल्यातरी मंगळवारी एकच प्रश्न घेऊन, तेव्हा २० टक्के कुठून येणार. नियमित निवडणुकीला जोडला तर प्रश्नच मिटतो.

---

धुक्यातला

सॅन फ्रान्सिस्कोहून. "कॅलिफोर्निया करायचंय का" म्हणणाऱ्या तुमच्या त्या मेंबरला माझा नमस्कार सांगा, त्याची भीती अगदीच खोटी नाही.

२०२४ नोव्हेंबरला आमच्या मतपत्रिकेवर फक्त शहराचे १५ प्रश्न होते, ए पासून ओ पर्यंत, राज्याचे दहा वेगळे, वर प्रेसिडेंट पासून स्कूल बोर्डापर्यंत सगळे. मी वाचणारा माणूस आहे, दोन रविवार घालवले तरी तीन प्रश्नांवर शेवटी मित्राला फोन करून विचारलं. पण एक गोष्ट लोक विसरतात, ते सगळे काही नागरिकांच्या सह्यांनी आलेले नसतात. आमच्याकडे चार सुपरवायझर (म्हणजे कौन्सिलचे सदस्य) मिळून किंवा एकटा मेयर ऑर्डिनन्स थेट मतपत्रिकेवर टाकू शकतो, एक सही गोळा न करता. त्या वर्षी शहरातली कमिशनं (नेमलेल्या समित्या) कमी करायची म्हणून सह्यांवरून डी आला, त्याला उत्तर म्हणून सुपरवायझरांनी ई टाकला, डी पडला आणि ई पास झाला. मावशींच्या के-एम-एन सारखंच, फक्त आमच्या कोर्टाने अडवलं नाही.

तेव्हा गर्दीचा दोष पिटिशनवाल्यांवर ढकलू देऊ नका. तुमच्या चार्टरमध्ये कौन्सिलला स्वतःहून प्रश्न टाकायची मुभा किती आहे ते वाचा. नागरिकांच्या प्रश्नासमोर त्यांनी स्वतःचा प्रश्न टाकायचा तर निदान अमुक दिवस आधी, आणि दोन्ही पास झाले तर ज्याला जास्त मतं तो लागू, एवढं लिहून ठेवा.

न्यूयॉर्कचं तर याहून भारी आहे. तिथे मेयरने नेमलेल्या चार्टर कमिशनने प्रश्न आणले की बाकीचे चार्टरचे प्रश्न त्या निवडणुकीतून आपोआप बाहेर. १९९८ मध्ये यांकी स्टेडियम मॅनहॅटनच्या पश्चिम भागात नेण्यावर लोकांचं मतदान व्हायचं होतं, मेयर जुलियानींनी कमिशन बसवलं, स्टेडियमचा प्रश्न गायब. कायदेशीर होतं सगळं. २०२४ मध्येही कौन्सिलच्या एका प्रस्तावाचं तसंच झालं.

---

पीच_आणि_पन्हं

अटलांटाचा अनुभव कोणीच लिहिला नाही म्हणून लिहिते. २०२३ मध्ये पोलीस ट्रेनिंग सेंटरच्या जागेच्या लीजविरुद्ध इथे रेफरेंडमचं पिटिशन निघालं. नोंदणीकृत मतदारांच्या १५ टक्के म्हणजे ५८,००० च्या आसपास सह्या हव्या होत्या, मुदत ६० दिवस. लोकांनी १,१६,००० जमा केल्या असं सांगितलं, म्हणजे दुप्पट. मोजल्याच गेल्या नाहीत.

झालं असं की सह्या गोळा करणारा अटलांटाचाच रहिवासी हवा अशी अट होती. ती जागा शहराच्या हद्दीबाहेर डीकॅल्ब काउंटीत, म्हणजे ज्यांच्या दाराशी ते होणार त्यांनाच फॉर्म घेऊन उभं राहता येईना. ते कोर्टात गेले, जिल्हा कोर्टाने अट बाजूला ठेवली आणि मुदतही वाढवून दिली, वरच्या कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली, त्यामुळे सप्टेंबरात पेट्या नेऊन दिल्या तेव्हा शहर म्हणालं आधी मुदत संपली की नाही ते कोर्टाला ठरवू दे मग बघू. ट्रेनिंग सेंटर बांधून झालंसुद्धा.

तुमचं त्या सेंटरबद्दल मत काहीही असो (माझं सांगत नाही, इथे भांडण नको), पण मुदतीबद्दल वाद झाला तर सह्या मोजणं थांबणार नाही, आधी मोजा मग भांडा, असं एक वाक्य आमच्या नियमात असतं तर निदान लोकांना आकडा तरी कळला असता.

---

लोनस्टार_मावशी

हे वाक्य मला पटलं. मोजून ठेवायला काय जातं.

पण तो सिटी सॉलिसिटरचा टप्पा कोणी उडवायला सांगू नका हं. ओहायोत टोलीडोने फेब्रुवारी २०१९ मध्ये लेक ईरीला स्वतःचे हक्क देणारी चार्टर दुरुस्ती मतदानाने पास केली, साधारण वर्षभराने फेडरल कोर्टाने ती अस्पष्ट म्हणून रद्द केली. हेतू चांगला होता, तळ्याचं पाणी हिरवं झालेलं लोकांनी पाहिलं होतं, पण मसुदा कोणी धड वाचला असता तर एवढी मेहनत आणि वकिलांचे पैसे वाचले असते.

---

जर्सीकर

सॉलिसिटर ठेवा पण त्याच्या हातात कुलूप देऊ नका. तो शहराचा वकील, म्हणजे ज्या कौन्सिलला तुम्ही छेद देताय तिचाच वकील. त्याने ठराविक दिवसांत लेखी मत द्यावं, दिलं नाही तर फॉर्म निघालेच पाहिजेत. आणि मत प्रतिकूल असलं तरी पिटिशनवाल्यांना वाटलं तर पुढे जाऊ द्यावं, फॉर्मवर ते मत छापा हवं तर. सिएटलला २०२१ मध्ये बेघरांच्या प्रश्नावरची चार्टर दुरुस्ती सह्या वगैरे सगळं होऊन कोर्टाने मतपत्रिकेवरून काढली, इनिशिएटिव्हच्या अधिकारात बसत नाही म्हणून. ते मत सुरुवातीला मिळालं असतं तर त्यांनी मसुदा बदलला असता. म्हणजे लवकर मत हवं, पण नकाराधिकार नको.

---

कोपऱ्यातला_मतदार

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. तीन मिनिटांत बसेल असं काढलंय, बघा.

टक्के मी सोडूनच देतोय, म्हणजे १५ ला १५ राहू दे पण ते मागच्या नियमित शहर निवडणुकीत झालेल्या मतदानाचे. चार्टर दुरुस्ती यात येतच नाही, तिचा रस्ता राज्याच्या कायद्याने वेगळा आहे, त्यामुळे मावशींना घाबरायचं कारण नाही. २० टक्क्यांचा कोरम काढा आणि त्याऐवजी प्रश्न नियमित निवडणुकीलाच ठेवा. वाढीव ५ टक्क्यांचा दुसरा फेरा रद्द. क्लर्कने पिटिशन स्वीकारलंच पाहिजे, बाद सहीचं कारण लेखी, दुरुस्तीला दहा दिवस, रेफरेंडमचं घड्याळ फॉर्म मिळाल्यापासून, आणि वाद असला तरी सह्या मोजा. सॉलिसिटरचं मत १५ दिवसांत. ग्रुप पिटिशन प्रौढ रहिवाशांना खुलं.

बजेट, कर्ज वगळलेलं आहे ते तसंच राहू द्यावं असं माझं मत, डॅलस वाचल्यावर तर नक्कीच.

---

लोनस्टार_मावशी

कोरम पूर्ण काढायला माझा अजून विरोध आहे. नियमित म्हणता पण तुमच्याकडे शहराची निवडणूक विषम वर्षात असते ना? मेयरची लढत नसली तर १२-१५ टक्के लोक येतात, त्यातल्या निम्म्यांनी शहराचा कायदा ठरवायचा? आणि भाजकही तेच मतदान, म्हणजे सह्याही कमी आणि मतंही कमी. एकाच टोकाला दोन्ही सैल सोडताय.

---

कोपऱ्यातला_मतदार

मावशी, त्याच १२-१५ टक्क्यांवर अख्खं कौन्सिल निवडून येतं आणि दर पंधरवड्याला कायदे करतं, त्यांना कोणी कोरम विचारत नाही. पण सह्यांचा मुद्दा खरा आहे, भाजक म्हणून मेयरच्या वर्षातलं मतदान धरतो, आमच्याकडे तेव्हा जवळजवळ दुप्पट होतं. मसुद्यात बदललं.

---

सह्या_द्री

सुनावणीला जाताना हे सगळं छापील चार्टरच्या कलमांच्या नंबरसकट कागदावर न्या आणि प्रती क्लर्ककडे आधी द्या, म्हणजे मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) जातं. तोंडी बोललेलं "नागरिकाने सूचना केल्या" एवढ्या एका ओळीत संपतं. आणि सही पूर्ण नावाने करा, अपार्टमेंट नंबरसकट 😀